पार्किंग नंबर चौदामधलं गोपनीय पत्र

उजव्या मनगटाला पट्टा आवळत नौपाड्यातले आमचे डॉक्टर म्हणाले, "कर्णिक, सहा आठवडे टायपिंग बंद. बोटांना विश्रांती द्या, तोंड चालू ठेवा." शेवटचं वाक्य त्यांनी गमतीत म्हटलेलं. मी ते औषधासारखं घेतलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

मी एक्झिक्युटिव्ह असिस्टंट आहे. या पदाचा अर्थ आमच्या नातेवाइकांत अजून कुणाला लागलेला नाही. डोंबिवलीच्या सासऱ्यांच्या मते मी मॅनेजर आहे, आणि सोसायटीच्या वॉचमनच्या मते मी 'सकाळचा कुठंतरी जातो'. खरं काम असं आहे. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या आमच्या कंपनीचे मालक गुप्तेसाहेब मला फोनवर निरोप बोलून पाठवतात, "कर्णिक, त्या नाशिकवाल्याला विचारा, डोकं ठिकाणावर आहे का म्हणावं!" आणि मी लिहितो, "आपल्या सूचनेचा आम्ही अत्यंत आस्थेने विचार केला." या दोन वाक्यांच्या मधे जी मोकळी जागा आहे, तिच्यावर गेली बावीस वर्षं माझं घर चाललंय. पत्रात 'मी' म्हणजे अर्थात साहेब. रोज शंभरदा तरी 'मी' लिहीत असेन. त्यातला एकही मी नसतो.

साहेबांच्या या निरोपांत मागे नेहमी एक बारीक आवाज येतो. टिंग, टिंग, टिंग. मी मनात पक्कं धरलं होतं की साहेब देवघरात बसून बोलतात. समोर समई, हातात घंटी, आणि मनात नाशिकवाल्याचं डोकं. एवढ्या भक्तिभावाने झाकणांचा विचार करणारा माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल, असं मी दोन-तीन ठिकाणी सांगितलंही होतं.

तर टायपिंग बंद झालं आणि मी बोलून लिहायला लागलो. आपण बोलायचं, संगणकाने लिहायचं. आता वाचकांची अपेक्षा असेल की त्या यंत्राने भलतंसलतं लिहून ठेवलं आणि घोटाळे झाले. माफ करा, तसं काही झालं नाही. यंत्र अगदी सरळमार्गी निघालं. बोललं तेवढंच लिहायचं, आगाऊपणा नाही, सल्ला नाही. घोटाळा त्याच्याकडून झालाच नाही. घोटाळा हा की बोललेलं यंत्राखेरीज इतरांनाही ऐकू येतं. ही साधी गोष्ट डॉक्टरांच्या, साहेबांच्या आणि माझ्या, म्हणजे एकूण तीन सुशिक्षित माणसांच्या लक्षात आली नाही.

ऑफिसात आम्ही सात जण एका खोलीत बसतो. पहिल्याच दिवशी मी एका पुरवठादाराला खरमरीत पत्र बोलून लिहिलं आणि सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. साहेब केबिनबाहेर आले. म्हणाले, "कर्णिक, बुधवार-शुक्रवार घरून करा. सहा आठवडे बघू. पण काम अडलं किंवा एक शब्द बाहेर गेला, तर ती खुर्ची मला रिकामी ठेवता यायची नाही, हं."

मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. आतून मात्र उड्या मारत होतो. कारण पोळी. बावीस वर्षं मी दुपारी एक वाजता डब्यातली पोळी खातोय. ती पोळी नसतेच, पोळीची आठवण असते. आता आठवड्यातून दोनदा तव्यावरची मिळणार होती. रसिका, म्हणजे माझी बायको, सकाळच्या शाळेत शिकवते आणि साडेबाराला घरी येते. मी एक वही केली. डाव्या पानावर 'वाचलेली मिनिटं', उजव्या पानावर 'गेलेली मिनिटं'. पहिल्या बुधवारी सकाळी दहाला बाळकुमच्या आमच्या पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभा राहून मी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "महोदय…"

"मायना चुकला," शेजारच्या गॅलरीतून आवाज आला.

या मंदाकिनीताई. सरकारी खात्यात सदतीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे तपासून निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातला तपासनीस काही निवृत्त झाला नाही. तुळशीला पाणी घालता घालता त्यांनी नाशिकवाल्याचं सगळं पत्र ऐकलं. "स्वानंद, आभार इतक्यात नको. आधी खेद, मग आभार. आणि वाक्य संपताना थांबत जा रे जरा. पूर्णविराम असा धक्क्याला लागल्यासारखा काय आणतोस?"

मी मोजलं. दर तीन वाक्यांमागे एक सुधारणा, आणि प्रत्येक सुधारणेमागे एका दिवंगत अधिकाऱ्याची आठवण. पत्र सव्वाएकला संपलं. तोवर गॅसवरचा तवा उतरला होता. पोळी गार. वहीत डावीकडे बारा मिनिटं, उजवीकडे एकशे दहा.

वाईट हे की पत्र उत्तम झालं. नाशिकवाल्याचं उत्तर आलं, "आपल्या पत्रातील खेद वाचून मन भरून आले." साहेबांनी टिंग-टिंगच्या पार्श्वसंगीतावर शाबासकी दिली. आता सांगा, अशा वेळी माणसाने गॅलरी सोडायची की मंदाकिनीताईंना?

मी गॅलरी सोडली आणि बेडरूममध्ये दार लावून बसलो. तिथे सगुणा. आमच्याकडे आणि वरखाली मिळून अजून चार घरी ती कामाला जाते. पलंगाखाली केर काढता काढता तिने नाशिक प्रकरणाचा पुढचा भाग ऐकला, आणि शुक्रवारी आल्या आल्या विचारलं, "दादा, मग काय ठरलं नाशिकवाल्याचं? सातशे दोनच्या वहिनी म्हणतात, त्याला अजून एक संधी द्या."

"सातशे दोनच्या वहिनींना कसं कळलं?"

"मी सांगितलं," सगुणा म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, ते तिला कळेना.

मग मी बाथरूममध्ये गेलो. बाथरूममध्ये आवाज असा घुमतो की झाकणांचं वेळापत्रकसुद्धा जाहीरनाम्यासारखं वाटतं. मी रंगात आलो. "सदर झाकणे आम्ही परत स्वीकारू शकत नाही!" असं म्हणालो आणि दम घ्यायला थांबलो, तर त्या पाइपांच्या डक्टमधून खालच्या कुठल्यातरी मजल्यावरून एक वयस्कर आवाज आला, "बरोबर आहे तुमचं. घेऊ नका."

तीन आठवडे असे गेले. पत्रं वेळेवर, पोळ्या गार, आणि सोसायटीतल्या पन्नासेक माणसांना बाटलीच्या झाकणांबद्दल ठाम मतं. मला वाटलं, निभेल.

चौथ्या बुधवारी सकाळी साहेबांचा निरोप आला, एकोणीस मिनिटांचा. टिंग-टिंग नेहमीपेक्षा जोरात. आवाज मात्र असा हळू की मी कानातला इयरफोन बोटाने दाबून धरला.

"कर्णिक, हे तुमच्या-माझ्यात. मी कंपनी सोडतोय. देवगडला जाऊन राहणार, एकटा. विनीतच्या हातात देतोय." विनीत म्हणजे त्यांचा पुतण्या आणि भागीदार. "शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्याला पत्र जायला हवं. नीट लिहा, तुमच्या पद्धतीनं. घरीसुद्धा बोललो नाहीये अजून. हे बाहेर गेलं तर मी तुम्हाला ओळखत नाही, एवढं लक्षात ठेवा."

मी घराकडे बघितलं. गॅलरी म्हणजे मंदाकिनीताई. बेडरूम म्हणजे सगुणा, म्हणजे सातशे दोन. बाथरूम म्हणजे सर्व मजले. राहिली गच्ची. गच्चीची चावी सोसायटीचे सेक्रेटरी सुदेश म्हात्रे यांच्याकडे असते. मूळचे बाळकुमचे, मनाने दिलदार, पण रजिस्टर उघडलं की वेगळे होतात.

"चावी देतो ना साहेब, आपल्याला काय प्रॉब्लेम नाय," ते म्हणाले. "कारण सांगा. रेकॉर्डला पायजे."

"पत्र लिहायचंय."

त्यांनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. "हे बघा. टाकी, केबल, वाळवण, पतंग. पत्र नाय."

"वाळवण लिहा."

"आणि वर पापड नसले तर? ऑडिटला कोण उत्तर देणार?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुम्ही अर्ज करा. हातानं लिहिलेला. रविवारी कमिटीपुढे ठेवतो, एका मिन्टात पास."

माझं मनगट पट्ट्यात, त्यामुळे अर्ज रसिकाने लिहिला. 'पत्र बोलून लिहिण्यासाठी एकांत मिळणेबाबत' हा विषय लिहिताना तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला लग्नाचे पहिले दिवस आठवले. तेव्हाही ती असंच बघायची, आणि तेव्हाही मला अर्थ लागायचा नाही. पण रविवार म्हणजे पत्राची मुदत उलटून दोन दिवस.

तेव्हा मला गाडी सुचली. आमची गाडी पार्किंग नंबर चौदामध्ये उभी असते. महिन्यातून दोनदा हलते, एरवी तिच्यावर मांजर झोपतं. मी मांजराला उठवलं, आत बसलो, दार ओढून घेतलं. उकडत होतं म्हणून काचा खाली केल्या. इंजिन कशाला चालू करा, उगीच पेट्रोल जायचं. अशी काटकसर माणसाला कुठे नेते, ते पुढे येईलच.

पत्र लिहिताना मला साहेबांविषयी खरोखरच भरून आलं. मंदाकिनीताईंनी शिकवल्याप्रमाणे मी आधी खेद घेतला आणि प्रत्येक पूर्णविरामापूर्वी थांबलो. "मी आता थकलो आहे. इतकी वर्षे निभावले, ते बव्हंशी कर्तव्य म्हणून. यापुढे मला मोकळे करावे. घरात अद्याप कुणालाही कल्पना दिलेली नाही. उर्वरित आयुष्य देवगडला एकट्याने काढण्याचा माझा निश्चय आहे." शेवटच्या वाक्याला माझा आवाज कापला. चांगलं वाटलं म्हणून पुन्हा एकदा वाचलं. चाळीस मिनिटांत पत्र पुरं. वहीत डाव्या पानावर मोठ्या अभिमानाने आकडा टाकला. त्या आनंदात हे पाहायचं राहिलं की खांबापलीकडे सुदेश गाड्यांचे स्टिकर तपासत होते, सगुणा जिन्यात बसून पायाची नखं बघत होती, आणि मंदाकिनीताई फेरफटका मारून परत येत होत्या.

गुरुवारी ऑफिसला जाताना वॉचमनने मला सलाम केला. तो कधी करत नाही. लिफ्टमध्ये सातशे दोनच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सगळ्यांच्याच घरी असतं हो." मला वाटलं, झाकणांचं म्हणताहेत.

शुक्रवारी मात्र मी पोळीची तयारी युद्धासारखी केली. एक वाजता ताट मांडलं. साहेबांचं पत्र छापून पाकिटात घातलं होतं, संध्याकाळी नेऊन द्यायचं एवढंच बाकी. आत तव्यावर पोळी फुगल्याचा वास आला. मी तुपाचा चमचा उचलला आणि बेल वाजली.

दारात सासरे. डोंबिवलीहून, न कळवता, हातात नाचणीच्या लाडवांचा डबा. मागे मंदाकिनीताई. त्यांच्यामागे रजिस्टर छातीशी धरून सुदेश. सगुणा आधीच केरसुणी घेऊन आत होती.

"अण्णा, या. जेवायलाच बसतोय."

"जेवण कुठे पळून जात नाही, स्वानंदराव," अण्णा सोफ्याच्या टोकावर बसत म्हणाले. ते निवृत्त प्राध्यापक आहेत, रागावले की अधिकच शुद्ध बोलतात. "मला एवढंच सांगा. आमच्या मुलीकडून काय उणं राहिलं?"

"म्हणजे?"

"मंदाकिनीताईंनी फोनवर सगळं सांगितलं. देवगडला एकट्याने राहण्याचं प्रयोजन काय?"

माझ्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला. उलगडा झाला. तोंड उघडावं तर साहेबांचं गुपित फुटतं आणि खुर्ची जाते. न उघडावं तर मी बायकोला टाकून देवगडला निघालेला माणूस. बावीस वर्षं दुसऱ्याचा 'मी' लिहिल्याचं हे फळ.

"मी तसं काही… ते मी नव्हतो," मी म्हणालो.

"दादा, मी ऐकलं ना!" सगुणा म्हणाली. "रडत होता तुम्ही."

"दोनदा बोललात," सुदेश म्हणाले. "बघा कर्णिकसाहेब, सोसायटीच्या रेकॉर्डवर मी काय घेत नाय. पण वहिनींच्या बाजूनं पूर्ण कमिटी हाय."

मंदाकिनीताईंनी डोळे टिपले. "मसुदा निर्दोष होता, स्वानंद. मला अभिमान वाटला. पण निर्णय चुकला रे."

मी ताटाकडे बघत गप्प बसलो. अण्णांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ कबुली असा घेतला आणि लाडवांचा डबा माझ्यापासून दूर सरकवला. तेवढ्यात उलथनं हातात घेऊन रसिका बाहेर आली.

"काय म्हणाला हा? पुन्हा सांग गं सगुणा, शब्द न् शब्द."

सगुणाने सांगितलं. तिची आठवण माझ्या यंत्रापेक्षा सरळमार्गी निघाली. 'बव्हंशी' पण आलं.

रसिका हसायलाच लागली. उलथनं टेबलावर ठेवून, पदराने डोळे पुसत हसली. "अण्णा! 'बव्हंशी'? 'अद्याप कल्पना दिलेली नाही'? अहो, हा माझ्याशी वीस वर्षांत एक वाक्य पुरं बोललेला नाही. भूक लागली तर नुसता ओट्याशी येऊन उभा राहतो. हा मला सोडून गेला तरी निरोप म्हणून 'बरं' एवढंच म्हणेल. हे ह्याचं नाहीच. हे त्याच्या साहेबांचं पत्र आहे!"

खोलीत एकदम सुटकेचा नि:श्वास. अण्णांनी डबा परत माझ्याकडे सरकवला. माझी अब्रू वाचली, आणि मोजून चार सेकंदांनी माझी नोकरी गेली. कारण सुदेश हळूच म्हणाले, "म्हणजे… गुप्तेसाहेब कंपनी सोडतायत? माझा मेव्हणा तिथं पॅकिंगला हाय ना!" आणि त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"सुदेशभाऊ, कृपा करा," मी म्हणालो.

"नाय नाय, कुणाला नाय सांगत. फक्त घरात."

मी चप्पल घातली. "अरे, पोळी!" रसिका मागून ओरडली. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी साहेबांना मी सांगायला हवं होतं, आणि ते सांगायला जागा एकच होती. नंबर चौदा. या वेळी मी शहाणा झालो होतो. काचा गच्च वर केल्या आणि जीव गुदमरू नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदा उभ्या गाडीचं इंजिन चालू करून एसी लावला. फोन लावला. तिकडे रिंग वाजत होती, आणि इकडे माझ्या समोरच्या काचेखालून आवाज यायला लागला.

टिंग. टिंग. टिंग.

मी डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडे बघत राहिलो. सीटचा पट्टा लावायची आठवण करून देत तो लुकलुकत होता.

"बोला कर्णिक," साहेबांचा आवाज आला, आणि त्याच्यामागून टिंग, टिंग, टिंग. दोन्ही टिंग एकमेकांशी जुळत नव्हते, अर्ध्या पावलाने पुढेमागे चालत होते.

"कर्णिक, कुठे आहात?"

"घरीच, साहेब."

"घरी टिंग-टिंग?"

"पार्किंगमध्ये, साहेब."

मग साहेब म्हणाले, "पट्टा लावला की बंद होतो तो."

"मग तुम्ही का नाही लावत?"

"कुठे जायचंय थोडंच!" मग जरा खाली आवाजात, "पाच वर्षं झाली. घरात बोलायला लागलो की हिचं सुरू होतं, नाशिकवाल्याशी असं बोलू नका. म्हणून खाली गाडीत येऊन बसतो."

माझ्या मनातलं देवघर समईसकट विझलं. पण साहेबांविषयी इतकी माया मला कधीच वाटली नव्हती. त्या मायेच्या भरात मी सगळं कबूल केलं. मंदाकिनीताई, सगुणा, सुदेश, मेव्हणा, डोंबिवली. शेवटी म्हणालो, "साहेब, खुर्ची उद्या रिकामी करतो."

पलीकडून विचित्र आवाज आला. साहेब हसत होते.

"अहो, तुम्ही काय फोडणार! बुधवारी तुम्हाला तो निरोप बोलत होतो ना, तेव्हा शेजारच्या गाडीखाली आमचा ड्रायव्हर टायर बघत होता. दुपारी आमच्या वॉचमनने हिलाच विचारलं, साहेब देवगडला कधी निघणार? तिने दोन बॅगा भरायला घेतल्यात. दोन! पत्रातलं ते 'एकट्याने' तेवढं काढून टाका. आणि विनीतचाही फोन येऊन गेला. त्याला तुमच्या त्या मेव्हण्याने आत्ताच कळवलं म्हणे."

सुदेशच्या घरातून ही बातमी कंपनीत पोचायला मी जिना उतरून गाडी सुरू करीपर्यंतचा वेळ लागला होता. माझ्या वहीत एवढी वेगवान नोंद दुसरी नाही.

"मग पत्राचं काय, साहेब?"

"पत्र हवंच! बातमी वेगळी, पत्र वेगळं. विनीत म्हणाला, काका, कर्णिकांच्या भाषेत द्या, फ्रेम करून लावतो. तुमचे बुधवार-शुक्रवार तो काढणार नाही, मी सांगून ठेवलंय."

तर आता विनीतसाहेब आहेत. ते बोलतच नाहीत, फोनवर नुसता अंगठा पाठवतात. काल एका अंगठ्याचं मी दीड पानी पत्र केलं. मंदाकिनीताईंच्या मते त्यात खेद कमी पडला. रविवारी कमिटीने माझा अर्ज एकमताने पास केला. गच्ची नाही, पण रजिस्टरमध्ये 'पत्रलेखन – पार्किंग १४' असा रकाना आलाय, आणि त्या वेळेत खांबापलीकडे कुणी उभं राहायचं नाही असा ठराव झालाय. सगुणा सदस्य नसल्यामुळे तिला तो लागू नाही.

मनगटाचा पट्टा सुटला, पण मी टायपिंगकडे परत गेलो नाही. बुधवारी आणि शुक्रवारी एक वाजला की रसिका वरून डबा पाठवते. मी काचा वर करतो, सीटचा पट्टा लावतो म्हणजे टिंग-टिंग बंद होतं, आणि मांडीवर डबा उघडतो. लिफ्ट मधे कुठे थांबली नाही, तर पोळी अजून गरम असते. सातशे दोनच्या वहिनींनी वाटेत बटण दाबलं, तर मात्र आठवणच.